कळसूबाईपेक्षा ठेंगणा डोंगर

मावशी, नमस्कार.
मी मूळचा नाशिकचा, दोन वर्षांपासून एडिंबरोत नोकरीला आहे. साठेक किल्ले झालेत, अलंग-मदन-कुलंग दोनदा, आणि एका डिसेंबरात केदारकंठाही केलाय, त्यामुळे बर्फ मला नवा नाही. गेल्या महिन्यात आम्ही चौघं इथल्या केर्नगॉर्म डोंगरावर गेलो होतो. पार्किंगपासून तासभर चढलो असू, वाऱ्याने उभं राहवेना, म्हणून मीच म्हटलं की मागे फिरू. तेव्हापासून एक मित्र ऐकवतोय, १२४५ मीटरच्या टेकडीला घाबरलास, आपली कळसूबाई १६४६ची आहे. आता फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा जायचं ठरतंय. शनिवारी केर्नगॉर्मवरून पठार ओलांडून बेन मॅकडुई शिखर, रविवारी स्की भाड्याने घेऊन त्याच पठारावर. तो मित्र ऑस्ट्रियात आठवडाभर स्की शिकून आलाय, बाकी आम्ही नवखे. मित्र म्हणतो, या वेळी मागे फिरायचं नाही. बायको म्हणते, जायचंच नाही. कोणाचं ऐकू? आणि सामान काय घेऊ?
— डोंगरवेडा, एडिंबरो

अरे डोंगरवेड्या,

तुझ्या मित्राचा आकडा बरोबर आहे. कळसूबाई १६४६, बेन नेव्हिस १३४५, आणि अख्ख्या ब्रिटनमध्ये बेन नेव्हिसहून उंच काही नाही. साल्हेरसुद्धा या सगळ्यांकडे वरून बघेल. पण कळसूबाई विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंशांवर आहे आणि केर्नगॉर्म सत्तावन्न अंशांवर. अटलांटिकवरून एकामागून एक निघालेली वादळं या डोंगरांना येऊन धडकतात. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं माणसं हवामानाच्या नोंदी घेत राहिली होती, त्या वेधशाळेच्या पडक्या भिंती अजून तिथे आहेत. त्यांच्या वहीत वर्षाला सरासरी २६१ वादळं निघाली. केर्नगॉर्मच्या माथ्यावर आता हेरियट-वॉट विद्यापीठाचं यंत्र असतं. ते एका तापवलेल्या डब्यात बंद राहतं, ठरावीक वेळाने डबा उघडतो, वारा मोजतो आणि पुन्हा बंद होतो. उघडं ठेवलं तर त्यावर हिमाचा थर चढून ते गोठून बसेल. २० मार्च १९८६ला त्या माथ्यावर ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला.

तेव्हा मित्राला सांग, इथे डोंगर मीटरमध्ये मोजत नाहीत, मैलांत मोजतात. ताशी मैलांत.

तुमचा जानेवारीतला दिवस कसा होता ते तू लिहिलं नाहीस, पण ‘उभं राहवेना’ या शब्दावरून मला अंदाज येतो. ताशी ३० मैल वारा असला की पाऊल टाकताना तोल सांभाळावा लागतो. ४० मैलांना चालणं म्हणजे झटापट. साठला माणूस रांगतो. आणि हे सरळ चढत जाणारं गणित नव्हे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच पार्किंगमध्ये ‘काय नुसती झुळूक’ वाटणारा वारा चारशे मीटर वर गेल्यावर छातीवर हात ठेवून ढकलतो. थंडीचंही तेच. हवा उणे ५ अंश असेल आणि वारा ४० मैलांचा, तर उघड्या कातडीला ती उणे १६ लागते. केदारकंठ्याला तू यापेक्षा थंड हवा पाहिली असशील, पण ती कोरडी थंडी. तिथे कॅम्प होता, गाइड होता, संध्याकाळी गरम सूप होतं. इथली थंडी ओली असते. खाली पाऊस, मध्ये गारा, वर हिम, आणि तासाभरात पुन्हा पाऊस. भिजलेला माणूस उणे दोनमध्येही गारठून जातो. आपल्या जुलैतल्या हरिश्चंद्रगडाचं धुकं, पाऊस आणि कोकणकड्यावरचा वारा एकत्र कर, त्यातून पंचवीस अंश वजा कर, म्हणजे साधारण कल्पना येईल.

माझं सांगते. इन्व्हर्नेसला येऊन मला दुसराच हिवाळा होता, आणि तुझ्यासारखीच मीही सह्याद्रीची पुण्याई गाठीला बांधून हिंडत होते. त्याच पठारावर होकायंत्र लावायला म्हणून उजव्या हाताचा मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहतात तो जाड हातमोजा, काढला आणि दातांत धरला. सोबतच्याशी एक शब्द बोलायला तोंड उघडलं, आणि पतंग कटावा तसा तो मिटन गेला. डोळ्यांसमोर दहा फूट दिसला, मग पांढऱ्यात पांढरं. जादा जोड होता, पण सॅकच्या तळाशी, थर्मासच्या खाली. पाच मिनिटांत माझ्या बोटांना सॅकचं बकल दाबता येईना. बोटं दिसत होती, माझीच होती, पण दुसऱ्या कोणाची असल्यासारखी लटकत होती. सोबत्याने बकल उघडलं, जोड काढला आणि लहान मुलाला घालावा तसा माझ्या हातात घातला. खाली येईपर्यंत माझ्या जॅकेटची चेनही त्यानेच लावली. त्या दिवसापासून माझ्या मिटनना शाळकरी पोरांसारखी मनगटाला दोरी असते. सामानाचं पुढे सांगतेच, पण हे पहिलं लिहून घे. हातमोज्यांचे तीन जोड, दोरी लावलेले, आणि जादा जोड सॅकच्या वरच्या कप्प्यात.

आता जरा अवघड गोष्ट. वारा लागला की माणूस आडोसा शोधतो, हे नैसर्गिकच. आपल्याकडे कड्याच्या पोटाशी बसलं की सुटका होते. केर्नगॉर्ममध्ये नेमका तोच आडोसा घात करतो.

पठाराच्या उत्तरेला मोठमोठे खळगे आहेत, कॉरी म्हणतात त्यांना. कॉरी कास, कॉरी अन ट्रेख्क, कॉरी अन लोखन. यातल्या ट्रेख्कचा अर्थच हिम. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा. तो पठारावरचं सगळं हिम खरवडून नेतो, आणि कड्यापलीकडे वारा पडला की ते या उत्तरेच्या उतारांवर टाकतो. तिथे त्याची घट्ट लादी बनते, खालच्या थराला धड न चिकटलेली. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशी लादी म्हणजे तयार सापळा. तिच्यावर पाय ठेवणाराच बहुतेक वेळा ती सोडवतो. कड्याच्या ओठावर हिमाचा छज्जा पुढे आलेला असतो, वरून बघताना तो जमिनीचाच भाग वाटतो. आणि लक्षात ठेव, यासाठी नवीन हिम पडावंच लागतं असं नाही. निळंशार आकाश, लख्ख ऊन, पठारावर भुरभुर उडणारं हिम, असा फोटोजोगा दिवस असला तरी वारा आपलं लादीकाम करतच असतो. वाऱ्यापासून सुटका म्हणून तुम्ही ज्या उतारावरून खाली उतराल, तोच त्या दिवशी सगळ्यात भरलेला असतो.

म्हणून इथल्या माणसांचा ट्रेक आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू होतो. स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस हिवाळाभर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज देते. लोखाबर, ग्लेन को, क्रेग मेगी, टोरिडन, आणि केर्नगॉर्मचे उत्तर व दक्षिण असे दोन, मिळून सहा भाग. त्यात एक गोल चक्र असतं. कोणत्या दिशेचा उतार, किती उंचीवर, किती धोक्याचा, ते रंगांत दाखवलेलं असतं. वाऱ्यासाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस आणि मेट ऑफिसचा डोंगरांसाठीचा अंदाज बघायचा. पायथ्याच्या एविमोर गावाचा अंदाज बघून निघणं म्हणजे इगतपुरीची हवा बघून अलंगला जाणं. हे दोन्ही अंदाज समोर ठेवून नकाशावर बोट फिरवायचं. वारा कुठून? जाताना तोंडावर की येताना? पार्किंग उत्तरेला, बेन मॅकडुई दक्षिणेला. उत्तरेचा वारा असेल तर जाताना तो पाठीवर असतो, पाय आपोआप पडतात, सगळे खुशीत असतात. दोन वाजता मॅकडुईवर फोटो काढून मागे वळलात की तोच वारा हिमाचे कण घेऊन डोळ्यांत, आणि वर अंधार पडत आलेला. जाऊन-येऊन सतराएक किलोमीटरची ही वाट, आणि एकदा पठारावर चढलात की जवळपास सगळीच अकराशे मीटरच्या आसपास किंवा वर. वाटेत झाड नाही, घर नाही, आडोशाला टपरी नाही.

‘मागे फिरायचं नाही’ असं घरून ठरवून निघण्याबद्दल मला थोडं कडकच बोलायचं आहे.

नोव्हेंबर १९७१मध्ये तुझ्याच एडिंबरोतली काही शाळकरी मुलं याच पठारावर आली होती. वर, साधारण अकराशे मीटरवर, करन नावाचा दगडी निवारा होता, रात्री तिथे पोचायचं असं ठरलं होतं. हवा फिरली, हिम कमरेएवढं झालं, निवारा सापडला नाही. दोन रात्री त्यांनी उघड्यावर काढल्या. पाच मुलं आणि एक शिकाऊ प्रशिक्षक गेले. एक मुलगा आणि प्रशिक्षक वाचले. त्यानंतर कितीतरी वाद झाले, आणि शेवटी तो निवाराच पाडून टाकला. कारण वर निवारा आहे म्हटल्यावर माणसं वाईट हवेतही तिकडे ओढली जातात. मला या घटनेतली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. दगडाच्या चार भिंतींनी जे केलं, ते ‘या वेळी मागे फिरायचं नाही’ हे वाक्यही करतं. जानेवारीत तू पार्किंगपासून तासाभरावर, अजून खालची वाट डोळ्यांना दिसत असताना मागे वळलास. तो निर्णय वेळेवर होता. पठारावर, व्हाइटआउटमध्ये, तोच निर्णय घ्यायची संधी मिळेलच असं नाही.

व्हाइटआउट म्हणजे नुसतं धुकं समजू नकोस. धुक्यात पायाखालचा दगड तरी दिसतो. इथे जमीन आणि आकाश एका रंगाचं होतं. आपण चढतोय की उतरतोय ते कळत नाही, कधीकधी आपण उभे आहोत की चालतोय तेही नाही. अशा वेळी लोक हिमाचा गोळा करून पुढे फेकतात. गोळा पडलेला दिसला तर पुढे जमीन आहे. दिसेनासा झाला तर थांबायचं. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः असे दोनशे मीटर चालले आहे.

आणि म्हणूनच रविवारचा स्कीचा बेत पूर्ण रद्द कर. यात माझी घासाघीस नाही.

तुझ्या मित्राने ऑस्ट्रियात शिकलेलं खोटं नाही, पण ते आखलेल्या, दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावरचं. पठारावरची स्की वेगळी विद्या आहे. स्कीच्या तळाला कातडी चिकटवून चढायचं, वर ती काढून घडी करायची. चाळीस मैलांच्या वाऱ्यात ती घडी करून बघा म्हणावं, ओल्या धोतराशी कुस्ती होते. स्की सॅकला बांधून चालायची वेळ आली तर पाठीवर शीड उभारल्यासारखं होतं. हिमही कुठे काचेसारखं, कुठे वाऱ्याने नांगरल्यासारखं, कुठे खडकावर बोटभर. त्यात प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (हिमाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं रेडिओयंत्र), फावडं आणि शोधकाठी हवी, आणि ती वापरायचा सराव हवा. नवख्या तिघांना घेऊन जायची ही जागा नव्हे.

स्की करायचीच असेल तर स्कॉटलंडात पाच स्की केंद्रं आहेत: केर्नगॉर्म, ग्लेनशी, लेख्ट, ग्लेन को आणि नेव्हिस रेंज. ग्लेनशी सगळ्यात मोठं, एडिंबरोहून सोयीचंही. तिथे उतारांच्या कडेने लाकडी कुंपणं दिसतील, गुरं अडवायला असावीत तशी. ती वारा अडवायला आहेत. उडत आलेलं हिम कुंपणापाशी पडून राहतं आणि त्यावरच लोक घसरतात. इथे वाराच हिम नेतो आणि वाराच आणून देतो. वारा फार झाला की लिफ्टही बंद. तेव्हा सकाळी निघण्याआधी त्या केंद्राची स्थिती बघायची, आणि तिघांनी प्रशिक्षकाचा वर्ग लावायचा. मित्राला शिकवू देऊ नका. मैत्री टिकवायची असेल तर नक्कीच नको.

आता सामान. सगळं विकत घेऊ नकोस. एविमोरमध्ये बूट, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दात) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची छोटी कुदळ) भाड्याने मिळतात. बुटांना बी-शून्य ते बी-तीन अशी प्रतवारी असते. तुझे सह्याद्रीचे बूट बी-शून्यात जातील, त्यांवर क्रॅम्पॉन बसवू नये, तळवा वाकला की निसटतात. बी-एक किंवा बी-दोन घे आणि दुकानातच क्रॅम्पॉन बसवून बघ. रबरी पट्ट्याचे छोटे खिळे शहरातल्या बर्फाळ फुटपाथला ठीक, इथल्या उताराला नाही. ॲक्स सरळ दांड्याची, चालण्याची घे. वाकड्या दांड्याची रुबाबदार दिसते, पण ती कडे चढणाऱ्यांची. क्रॅम्पॉन लागतील असं वाटायच्या आधी घालायचे. घसरड्या उतारावर एका पायावर उभं राहून बांधायची वेळ येऊ देऊ नकोस. गॉगल डोळे पूर्ण झाकणारा. नवखे हाच विसरतात, आणि उडणारं हिम डोळ्यांत गेलं की नकाशाही संपला आणि वाटही संपली. पिसांचं जॅकेट भिजलं की चिंधी होतं, इथे कृत्रिम भरणाचं बरं. जीन्स आणि सुती बनियन गाडीतच. डोक्याचा टॉर्च प्रत्येकाला एक. डिसेंबरात इथे उजेड जेमतेम साडेसहा तास असतो, फेब्रुवारीअखेर दहाच्या वर जातो, तरी घ्यायचाच. कागदी नकाशा आणि होकायंत्र दोघांकडे. फोन थंडीत अचानक मान टाकतो, तो आतल्या खिशात अंगाशी ठेव. चौघांत मिळून एक निवारा-पिशवी घ्या, बॉथी बॅग म्हणतात तिला. पातळ कापडाची मोठी पिशवी, चौघांनी डोक्यावरून ओढून आत बसायचं. दोन मिनिटांत आत इतकी ऊब येते की पहिल्यांदा बसणारा हसतोच. खायला घरून काही आणणार असशील तर तिळगूळ आणि चिक्की नको. माझ्या एका संक्रांतीच्या तिळगुळाने सोबत्याचा दात हलला होता. मऊ काहीतरी, एका घासाचे तुकडे करून खिशात, म्हणजे मिटन न काढता तोंडात टाकता येतात.

ॲक्स विकत मिळते, ती वापरणं विकत मिळत नाही. म्हणून शनिवारी मॅकडुई नको, वर्ग हवा. एविमोरजवळ ग्लेनमोर लॉज हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे हिवाळी चालण्याचे वर्ग असतात. जागा भरलेल्या असतील तर विंटर माउंटन लीडर ही पात्रता असलेला वाटाड्या चौघांत मिळून घ्या. दिवसभर तो तुम्हाला एका छोट्या, खाली मोकळी सपाटी असलेल्या उतारावर मुद्दाम घसरवेल, पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून. ॲक्स रोवून थांबायचं कसं ते अंगात भिनेपर्यंत. त्याहून जास्त वेळ तो न घसरता पाय कसे रोवायचे ते शिकवेल. साठ किल्ल्यांचा माणूस म्हणून तुला ते शाळेसारखं वाटेल. वाटू दे.

रविवारसाठी तीन बेत हातात ठेव आणि वाऱ्याला निवडू दे. वारा वीसच्या आत, लादीचा धोका कमी, दृश्यता चांगली, तर पार्किंगवरून विंडी रिजने केर्नगॉर्मचा माथा, आणि त्याच वाटेने खाली. नाव ऐकलंस ना, विंडी. वारा त्याहून जास्त पण पस्तीसच्या आत असेल तर समोरचा मील अ व्हुआखिल, ८१० मीटर, वाट बांधलेली. त्याहून जास्त असेल तर जंगलातून हिरव्या तळ्याकडे, आन लोखन उआन्याकडे, आणि पुढे रायव्होन बॉथीत, म्हणजे वाटसरूंसाठी उघड्या असलेल्या झोपडीत, बसून चहा. जुन्या पाइनच्या झाडांत वारा वर घोंघावत असतो आणि खाली पान हलत नाही. १९५२पासून तिथे रेनडियरचा कळप आहे, नशीब असेल तर भेटेल. बेन नेव्हिसचं नाव यंदा काढू नका. वाट जवळपास समुद्रसपाटीपासून चढते, आणि उतरताना एका बाजूला गार्डीलू गली, दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर गली, दोन्ही खोल घळी. व्हाइटआउटमध्ये माथ्यावरून नकाशाच्या उत्तरेपासून २३१ अंशांवर दीडशे मीटर मोजून चालायचं आणि मग २८२ अंशांवर वळायचं, हे ज्याला वाऱ्यात जमतं त्याने जावं.

राहिली बायको. ‘जायचंच नाही’ असं ती म्हणते, कारण तिला तुझ्या बेतातलं काहीच माहीत नाही, फक्त मित्राची फुशारकी ऐकू येते. निघताना एका कागदावर लिहून तिच्या हातात दे: कुठली वाट, पर्यायी वाट कुठली, गाडीचा नंबर, चौघांचे फोन, परत यायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तिने फोन करायचा ती वेळ. ही दुसरी वेळ पहिलीपेक्षा दोनएक तास पुढची ठेव, नाहीतर तुम्ही पार्किंगमध्ये चहा पीत असताना ती रडत बसेल. त्या वेळेनंतर ९९९, पोलीस मागायचे, आणि पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू. ती स्वयंसेवक माणसं असतात, शिक्षक, सुतार, डॉक्टर, रात्रीचं जेवण टाकून निघतात आणि एक पैसा घेत नाहीत. तुमच्याकडे शिटी असू द्या. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्यांचं येतं.

आणि तिला विचार, शनिवारच्या वर्गाला तीही येते का. तसं झालं तर पाचवी ॲक्स भाड्याने घ्यायला विसरू नकोस, आणि निवारा-पिशवी सहा जणांची घे.

— मावशी